कालचं उड्डाण

— नाही नाही काका, उठू नका, बसा. तुमची व्हीलचेअर आल्याशिवाय मी काही तुम्हाला त्या शिडीवर पाऊल टाकू देणार नाही. येईल हो. सगळ्यांना एकदम उतरवलं ना, खाली नुसता गोंधळ चाललाय. पाणी देऊ? गार नाहीये, आधीच सांगते — एसी बंद म्हणजे सगळंच कोमट. घ्या.

झालं काय म्हणजे — पुढचं चाक वळेना. इतकंच. रनवेकडे निघालो, वळणावर आलो, आणि विमान आपलं सरळच चाललंय! कॅप्टनने ब्रेक मारला तेव्हा माझी ट्रॉली सुटता सुटता राहिली. चाक वळवायला तेलाचा दाब लागतो, ते तेल कुठेतरी गळलं म्हणे. बरं झालं जमिनीवरच कळलं. मग तो ट्रॅक्टर आला आणि अडून बसलेल्या बैलाला ओढावं तसं आपल्याला ओढत आणलं — तुम्ही हसलात तेव्हा, मी बघितलं! बाकीचे माझ्यावर ओरडत होते. जसं काही ते चाक मीच धरून ठेवलं होतं.

दुसरं विमान येतंय. संध्याकाळपर्यंत पोचाल तुम्ही. मुलगी येणार आहे ना न्यायला? मग झालं तर. आम्ही? आम्ही नाही. ते विमान येईपर्यंत आमचे ड्युटीचे तास संपतात, दुसरी मंडळी येतील. त्या दोघी पोरी कशा पळाल्या बसकडे, बघितलंत ना — असेल घरी कोणीतरी. मीच म्हटलं, जा गं, काकांजवळ मी थांबते.

मला कुठे घाई आहे? आज शेवटचा दिवस माझा. निवृत्त. — अहो, अभिनंदन कसलं, ऐका तरी! उतरायच्या आधी कॅप्टन माझ्याबद्दल दोन शब्द बोलणार होता. मी नको नको म्हटलं — म्हणायचं असतं तसं — पण आरशासमोर उभी राहून हात कसे जोडायचे ते बघून ठेवलं होतं. आणि आता हे चाक. म्हणजे बघा, माझं शेवटचं उड्डाण कालच होऊन गेलं. आणि मला पत्ताच नाही! काल मी काय केलं? एकाच्या शर्टावर सांडलेली कॉफी पुसली. खिडकीतून बाहेरसुद्धा बघितलं नाही. म्हटलं, उद्या बघू.

ती तुमच्या शेजारची जागा रिकामी होती ना, ती माझ्या बहिणीची. कंपनी देते तिकीट, शेवटच्या फेरीला घरचं माणूस आणा म्हणून. आम्ही दोघीच उरलोय आता. फार यायचं होतं हो तिला, पण गुडघे — जिना उतरवत नाही… हो, तुम्हीही आलातच की गुडघे घेऊन. खरं आहे. खरं आहे.

विचारलंच नाही मी तिला. फोन लावला होता. तर म्हणते, "तू? काय गं, काय झालं?" — घाबरून. म्हणजे माझा फोन आला की वाईट बातमीच असणार! मग कसं विचारायचं? म्हटलं, काही नाही गं, सहज. तर गॅसवर काहीतरी आहे म्हणाली, ठेवला. नाही म्हणाली असती तर एक वेळ चाललं असतं, काका. "मला कशाला?" म्हणाली असती तर?

रडत नाहीये. उकडतंय किती, घाम जातो डोळ्यात.

आता? आता काय सांगू तिला — निवृत्त झाले, काल? आणि मग पुढे काय बोलायचं असतं बहिणीशी? विमानातली माणसं सोपी असतात हो — चहा की कॉफी विचारलं की झालं.

हं, आली तुमची खुर्ची. सावकाश. हात द्या… बसलात नीट? पट्टा लावते. सोडा आता हात, काका. सोडा म्हणते ना. ती माणसं खोळंबलीत. जा तुम्ही.

काय हो, मेकॅनिकदादा — दिवे घालवताय? नाही, कोणाची वाट नाही बघत. कोणाचीच नाही. घालवा.