पातेलं पालथं

(कोल्हार. बस स्टँडाच्या कडेला बिभीषणचं चहाचं दुकान.)

बिभीषण : न्हाई टिकायची! लिहून घे प्रभ्या, अठरा महिने न्हाई टिकायची तुझी पोरगी.

प्रभुदास : टिकंल.

बिभीषण : अरे, भिंतीला भिंत आपली. लहानपनापासून बघतोय मी तिला. घरात पाल दिसली की माझ्याकडं येऊन बसायची. आन् ती तिकडं आंध्रात, ना बोली ना वळख, दीड वरीस मिशनरी व्हनार?

प्रभुदास : देवाचं काम हाय. पाली मोजून करतंय व्हय कोणी?

बिभीषण : बरं, एक सांग. तुझा आजा-पणजा चर्चचाच. नाताळाला करंज्या तूच देतो मला. मग हे मॉर्मन काय नवीन काढलंय पोरीनं?

प्रभुदास : पुण्याला नर्सिंगला हुती ना, तिथं मैत्रिणीसंगं त्यांच्या चर्चला गेली. येशू तोच. रीत येगळी. दारू न्हाई, तंबाखू न्हाई. चहा बी न्हाई.

बिभीषण : चहा बी न्हाई! ऐका मंडळी! चहावाल्याच्या शेजारी वाढलेली पोर! मी आता पोलिसात जातो.

प्रभुदास : जा की.

बिभीषण : चल, पैज! पुरे अठरा महिने करून आली, तर बाजाराच्या दिवशी चहाचं पातेलं पालथं. पांढरा शर्ट, गळ्यात टाय, आन् येईल त्याला लिंबू सरबत. फुकट! भर स्टँडावर! आन् आधीच पळून आली, तर ही तुझी मिशी. हितंच, ह्याच बाकड्यावर.

प्रभुदास : वीस वर्षाची हाय रे मिशी.

बिभीषण : बघ, बघ! बापालाच खात्री न्हाई!

प्रभुदास : हाय खात्री. दे टाळी.

बिभीषण : भगवतीची आन! उद्याच वस्तऱ्याला धार लावून आनतो.

*

प्रार्थना : हॅलो, पप्पा?

बिभीषण : पप्पा न्हाई, बिभीषणकाका! तुझ्या पप्पानं मोबाईल चार्जिंगला लावला माझ्याकडं आन् विसरून गेला फॅक्टरीत. येईल तासाभरात. आज सोमवार व्हय? तुझ्या फोनचा वार! काय मिशनरी सिस्टर, पाच महिने झाले, तेलुगूत शिव्या शिकली का न्हाई?

प्रार्थना : नाही काका.

बिभीषण : आवाज का असा?

प्रार्थना : डेंग्यू झाला होता. आता बरी आहे. आईला सांगू नका, घाबरते ती. काका... मी परत येतेय.

बिभीषण : आं?

प्रार्थना : बोलावल्याशिवाय आम्ही कुणाच्या घरी जात नाही. आणि बोलावणारं घर होतं एकच. महालक्ष्मम्मा म्हणून एक आजी आहेत. त्यांनीही शनिवारी सांगितलं, येऊ नका, मुलगा चिडतो. आम्हाला जोडीनं राहावं लागतं, तर माझी जोडीदार आजारी पडून घरी गेली. नवी आलीय ती मिझोरामची. तिचं इंग्रजी मोडकं, माझंही मोडकं, खाणाखुणा करून भात शिजवतो. काल चर्चमध्ये बोलायला उभी राहिले आणि एक शब्द आठवेना. सगळे बघत होते. मला नाही जमत हे. तुम्ही जिंकलात. काढा वस्तरा.

बिभीषण : जिंकलो! थांब, दोन कटिंग देतो ह्यांना... हां. बॅग भरली?

प्रार्थना : भरली.

बिभीषण : सोड.

प्रार्थना : काय?

बिभीषण : बॅग सोड ती. कपडे काढ बाहेर.

प्रार्थना : काका, गंमत नको ना आज.

बिभीषण : गंमत न्हाई पोरी. ऐक, ह्यातलं खरं काय ते प्रभ्याला बी म्हाईत न्हाई. एकोनिसाव्या वर्षी मी कोल्हापूरला तालमीत गेल्तो. ह्याच स्टँडावर गावानं हार घातला हुता. आठव्या दिवशी पळून आलो. पहाटे उठवायचे, अंग ठनकायचं, आईची आठवन यायची. बाकी काय न्हाई. हितं येऊन सांगितलं, वस्तादच कच्चा निघाला, त्यालाच मी चीतपट केला! गाव हसलं. मी गावापेक्षा मोठ्यानं हसलो. तवाधरनं हसतोयच. पन नवव्या दिवशी काय झालं असतं, ते आजवर कळलं न्हाई मला.

प्रार्थना : म्हणून पैज लावलीत?

बिभीषण : व्हय. कोनीच टिकत न्हाई म्हनलं की जिवाला बरं वाटतंय.

प्रार्थना : काका, तुम्हाला एक सांगते. आज पहाटे गुडघ्यावर बसून मागितलं मी, देवा, गावाकडचं कुणी 'थांब' म्हणालं तर थांबते. मला माहीत होतं पप्पा म्हणणार नाहीत. पहिल्या हुंदक्यालाच 'ये बाळा' म्हणतील. म्हणून तर तसं मागितलं. लबाडी केली.

बिभीषण : देवासंगं! माझ्या वरताण निघाली की!

प्रार्थना : आणि फोन तुम्ही उचललात.

बिभीषण : अगं, त्याच्याकडं दुसरं कोनी नव्हतं का? चहावाला? त्यातबी पैज लावलेला?

प्रार्थना : हसवू नका हो... बघा, हसतेय मी. किती दिवसांनी.

बिभीषण : हस, हस! आन् त्या आजीचं दार बंद झालं ना? न्हाई जायाचं. पन रस्त्यात भेटली तर?

प्रार्थना : भेटतात. रोज सकाळी नळावर येतात. हंडा उचलवत नाही त्यांना.

बिभीषण : मग तुझे हात मोडलेत का? धर्माचं एक अक्षर काढू नको. हंडा उचल.

प्रार्थना : आणि पप्पांना काय सांगाल?

बिभीषण : सर्दी झालीय म्हनीन. बाकी माझ्या पोटात.

*

प्रार्थना : काका, टाय आहे तो, फास नाही. इकडे या, मी बांधते.

बिभीषण : घट्ट नको! बाजार भरलाय, मी गचकलो तर सरबत कोन वतनार? या हो या! आमची सिस्टर आली, अठरा महिने पुरे करून! बिभीषण हरला! सरबत फुकट! ओ आबा, चहा न्हाई आज. पातेलं पालथं दिसतंय ना?

प्रभुदास : मोठ्यानं बोल. एसटीतल्यांना ऐकू गेलं न्हाई.

बिभीषण : आरं ड्रायव्हर सुदीक उतरलाय! लाईन बघ, पार पेरूवाल्यापतूर!

प्रभुदास : खरं सांगू पोरी? पहिल्या नाताळापर्यंत रोज मिशी चाचपायचो. कशी गं टिकलीस?

प्रार्थना : हंडा उचलून!

प्रभुदास : आं?

प्रार्थना : महालक्ष्मम्मांचा. मी आणि माझी मिझोरामची जोडीदार. सव्वीस दिवस त्या एक शब्द बोलल्या नाहीत. सत्ताविसाव्या दिवशी त्यांचा मुलगाच नळावर आला. म्हणाला, आई विचारते, जेवायला येता का? पप्पा, आम्ही दोघी रस्त्यात नाचलो! सिस्टर असून!

प्रभुदास : मग आल्या का त्या चर्चला?

प्रार्थना : नाही. शेवटपर्यंत नाही. निघताना त्यांनी त्यांच्या देवापुढं माझ्यासाठी दिवा लावला, मी माझ्या देवाकडं त्यांच्यासाठी मागितलं. आधी मी रोज म्हणायचे, देवा, दार उघड. मग म्हणायला लागले, आज कुणाचा हंडा जड आहे तेवढं दाखव. आणि रोज दाखवायचा पप्पा! एक दिवस रिकामा गेला नाही! सकाळी कधी उठते असं व्हायचं मला.

प्रभुदास : हे चर्चमधी शिकवलं?

प्रार्थना : फोनवर. त्या सोमवारी बॅग भरून बसले होते मी. तुमचा मोबाईल इथं चार्जिंगला...

बिभीषण : ए पोरी! लिंबं संपली, जा घेऊन ये!

प्रार्थना : दोन टोपल्या भरल्यात लिंबांनी. पप्पा, मी परत निघाले होते. काकांनी थांबवलं.

प्रभुदास : बिभ्या.

बिभीषण : गिऱ्हाईक हाय.

प्रभुदास : 'ये' म्हणायचं फक्त. एवढ्या एका शब्दात जिंकला असतास.

बिभीषण : तुझ्या थोबाडाला मिशीच बरी दिसती. ओ ताई, ग्लास हिकडं द्या! ढकलू नका, सगळ्यांना मिळंल!

प्रभुदास : सरक जरा.

बिभीषण : आरं, काय करतो? जिंकलास तू. बस बाकड्यावर, पी निवांत.

प्रभुदास : लाईन लई मोठी हाय. तू वत. मी ग्लास विसळतो.