सुसंस्कृत शेजार

नाही नाही, तुमचं ब्रोशर बाजूला नाही सारलं हो — चहा सांडेल म्हणून उचललं. इतका गुळगुळीत कागद, डाग पडला तर पुढच्या घरी काय दाखवणार तुम्ही? बसा. एसीच्या समोर नका बसू, तो मधूनच पाणी थुंकतो. हां, तर काय सांगत होतो — घर आम्ही हॉलंडमध्ये घेतोय. हसा, हसा, पुष्पलतासुद्धा आधी हसलीच होती. ॲमस्टरडॅम नव्हे हो, ते श्रीमंतांनी घ्यावं. लेलीस्टाड. नाव ऐकलं नसणार तुम्ही, तिथं राहणारे सोडले तर कुणीच ऐकलेलं नाही, म्हणून तर परवडतं. आमची कंपनी डच — इथं मीना सलमान बंदरात गाळ उपसायची जहाजं उभी असतात बघा, त्यांचे नकाशे काढणारा मी ड्राफ्ट्समन, सोळा वर्षं झाली. आता साहेब म्हणतो, बहरीनचं काम आटोपलं, तू आमच्या तिकडच्या ऑफिसात ये, कायमचा. कंपनीच्या पत्रावर तिथली बँक कर्ज देते. उद्या सकाळी दहाच्या आत 'घेतो' म्हणून फॅक्स करायचाय, नाहीतर घर दुसऱ्याला जाणार. आणि आज संध्याकाळी तुम्ही! पुष्पाचं म्हणणं, त्या पुण्याच्या बाळाजींचं एकदा ऐकून तर घ्या, आपल्या भाषेतला माणूस आहे, आपल्या या उम्म अल हस्सम वस्तीपर्यंत फ्लॅट विकायला आलाय. म्हणून बोलावलं. माझं काय, माझं ठरलेलं आहे.

तुमच्या कागदावर पहिल्याच पानावर काय लिहिलंय — 'निसर्गरम्य परिसर, मुबलक पाणी, सुसंस्कृत शेजार.' निसर्ग समजला. पाणी समजलं, म्हणजे टँकर. पण हे तिसरं नेमकं किती चौरस फूट असतं हो? नाही, चेष्टा नाही करत, नकाशे काढणारा माणूस मी, जे मोजता येत नाही ते कागदावर दिसलं की हात थांबतो. हा बघा डच दलालाचा कागद. वर तीन खोल्या, खाली एक लांबलचक, बॉयलर कुठल्या सालचा, सायकली ठेवायला लाकडी खोली, मागं दहा पावलांचं अंगण, त्याच्यामागं कालवा, कालव्यात बदकं — बदकांचे वेगळे पैसे नाहीत. शांत वस्ती. बस. मी त्याला मुद्दाम विचारलं, शेजारी कसे आहेत? तो कागदात बघायला लागला, तिथं काही नव्हतंच. मग म्हणाला, डावीकडे एक बाई, उजवीकडे एक माणूस आणि कुत्रा. आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला, याला अजून काय पाहिजे म्हणून.

ती डावीकडची बाई मी ओळखतो. गेल्या वर्षी सहा आठवडे ट्रेनिंगला गेलो होतो, तेव्हा तिच्याच वरच्या खोलीत राहायचो. फान डाइकबाई, सत्तरीची, विधवा. कॉफीबरोबर बिस्किटांचा डबा पुढं करायची, एक बिस्कीट घेतलं की झाकण टक्कन बंद! दुसरं नाही. मी आधी समजलो आपल्यालाच — तुम्हाला नाही कळायचं ते, आपल्यालाच असं वाटणं — पण नाही, सख्खा मुलगा आला तरी एकच. टक्कन! काय बरं वाटलं मला, बाळाजीराव, त्या झाकणानं. घरांना पडदे नाहीत, एवढाल्या काचा, आतली बाई बटाटे सोलताना रस्त्यावरून दिसते आणि रस्त्यावरचा एकही माणूस बघत नाही. आणि शांतता? शांतता म्हणजे रविवारी दुपारी मला वाटलं कंपनीनं सगळ्यांची बदली केली. बाईनं मला तीनच प्रश्न विचारले. कचऱ्याचा डबा सोमवारी की गुरुवारी, हे लक्षात राहील ना? कुंपण कमरेच्या वर वाढू देणार नाही ना? आणि तिसरा जरा घुटमळत — तुम्ही लोक स्वयंपाकाला फार वास करता का? तर आहे, तिथंही आहे. तिथं आपल्याला कुणी आरती ओवाळत नाही. बसमध्ये माझ्या शेजारची जागा शेवटी भरते. पण हिशेब किती सोपा! तिथं मी नुसता काळा. एकच थर. काळा म्हटलं की पुढचा प्रश्न नाही, कुठला काळा, काळ्यांत वरचा की खालचा, काळ्यांतले कोण — काही नाही! इथं बहरीनमध्येही अरबानं 'हिंदी' म्हटलं की संपलं. अपमानसुद्धा सुटसुटीत असला ना, की माणूस पोटभर जेवतो.

आणि ती जमीन. ड्राफ्ट्समनच्या नजरेनं सांगतो. चाळीस वर्षांपूर्वी तिथं समुद्र होता. बांध घातला, पाणी उपसलं, चिखल वाळवला, पट्टी लावून रस्ते आखले. जुनं गावच नाही! जुनं गाव नाही, तर गावकूस कुठलं, आणि गावकूस नाही तर बाहेरचं कोण? मी तो नकाशा रात्रभर — पुष्पा म्हणते, असा बघत होता जसं काही पोरीचं स्थळ आलंय.

तुम्ही घ्या ना, चकल्या घरच्या आहेत. पुष्पाचं मात्र मन नाही. ती म्हणते, तिथं मी बोलू कुणाशी, बदकांशी? लेकीचं, जागृतीचं काही नाही, तिला स्वतःची खोली मिळाली की कुठलाही देश चालतो, इंग्रजीतच चालतो. पुष्पाचंही खरं आहे हो. मेलो तर खांदा द्यायला चार माणसं लागतात, तिथं उजवीकडचा माणूस आणि कुत्रा. आणि सकाळी उठून बाहेर पडावं, पेपर घ्यावा, दोन शब्द आपले बोलावेत, पेपरवाल्याशी भांडावं — भांडण तर आपल्याच भाषेत लागतं ना? डचमध्ये मी भांडणार कसा, सहा आठवड्यांत 'धन्यवाद' आणि 'उशीर झाला' एवढंच शिकलो. तुमचा तो दोन बेडरूमचा — ए विंग, तिसरा मजला, पूर्वेला गॅलरी — त्या गॅलरीत आरामखुर्ची बसते. मी काढून बघितली स्केलवर. हो, म्हणजे... पुष्पाला नका सांगू, हॉटेलातल्या तुमच्या प्रदर्शनातून कार्ड मीच आणलं. एकटाच गेलो होतो, दोनदा. तिला म्हटलं, ऑफिसात कुणीतरी दिलं.

तर लिहा. फॉर्म आणलाच आहे तुम्ही, लिहायला काय जातं. नाव खंडू पातूरकर. पातूर — अकोल्याकडं. बघा, लगेच चेहरा खुलला! खंडू म्हटलं की जेजुरी, होय ना? दारात आलात तेव्हापासून चाललंय तुमचं. आधी स्वतःचं आडनाव सांगितलंत, मी विचारलंही नव्हतं. मग मूळ गाव. मग, घरी कुळाचार काय असतात. मग, आमची सोसायटी शाकाहारी आहे, तुम्हाला चालेल ना. एवढ्या लांबच्या वाटेनं येता तुम्ही लोक त्या एका दारापाशी, पाय कसे दुखत नाहीत? असू दे. लिहा. सहमालक, पुष्पलता खंडू पातूरकर. नॉमिनी, मुलगा, वय सतरा, प्रबुद्ध. प्रबुद्ध. बला उकार, दला ध जोडलेला.

काऊन थांबला पेन?

शाई आहे त्यात, आत्ता तर चालत होता. हां. पोहोचलात म्हणायचं दारापाशी. हाव, बौद्ध आहोत आम्ही. खंडू हे आजीनं ठेवलेलं, तेव्हा मी पाळण्यात होतो, दीक्षा पुढं आठ वर्षांनी झाली आणि नाव तेच राहिलं. पोरांची नावं मात्र आम्ही ठेवली. आता तुम्ही सांगणार — नाही, मीच सांगतो, तुम्ही चहा घ्या — बिल्डरला काही नसतं, तुम्हालाही काही नसतं, पण कमिटी असते. माहितेय मला कमिटी. एकोणऐंशी साली पुण्यात होतो मी, एका कारखान्यात. खोली मिळेना. आडनाव ऐकलं की जागा कालच गेलेली असायची. मग गॅझेटात देऊन आडनाव बदललं, गावावरून घेतलं, आणि तिसऱ्या दिवशी खोली मिळाली. दोन खोल्या, स्वतंत्र नळ. मालकांनी कौतुकानं विचारलं, पातूरकर म्हणजे आमच्यातलेच का? मी हसलो. नुसतं हसलो. हसण्याला खोटं म्हणत नाहीत ना?

पुष्पा बाळंतपणाला माहेरी गेली होती. आणि एक दिवस माझा बाप आला. न कळवता. धोतर, डोक्याला फडकं, हातात तुरीच्या डाळीचं गाठोडं. रात्रभर गाडीत उभा राहून आलेला. जिन्यात मालक भेटले, तर बापानं आपला नेहमीसारखा हात जोडून त्यांना जयभीम घातला. मी वरून धावत आलो. मालक माझ्याकडे बघताहेत, बाप माझ्याकडे बघतोय. मालक म्हणाले, कोण हो हे? आणि मी — मी म्हणालो, आमच्या शेतावरचा गडी आहे, निरोप घेऊन आलाय.

शेत! आमचं शेत!

बाप तीन पायऱ्या खाली उभा होता. ऐकलं त्यानं. गाठोडं पायरीवर ठेवलं, दोन पावलं मागं सरला, आणि मान खाली घालून म्हणतो — मालक, पोरगा झाला तुमाले. बाई खुशाल हाय. मले मालक म्हणाला तो. सख्खा बाप. माझं पितळ उघडं पडू नये म्हणून. पाणीसुद्धा न पिता गेला, बाळाजीराव, आणि गाठोड्यात निघालेला नातवाचा पेढा मी मालकांना दिला. पुढं सहा महिन्यांत मी बहरीनचा व्हिसा काढला. लोक समजतात पैशासाठी आलो. बापानं त्याबद्दल मरेपर्यंत एक शब्द काढला नाही, काढला असता तर बरं झालं असतं. कुणाला सांगितलं नव्हतं मी हे, पुष्पालाही नाही. तुम्हाला कशाला सांगितलं कुणास ठाऊक. तुम्ही उद्या विमानानं जाल म्हणून असेल.

काय म्हणता? जरा मोठ्यानं बोला, एसीचा आवाज आहे.

रकाना मोकळा ठेवू? आडनाव तर पातूरकर आहेच, खंडू आहेच, कमिटीला काही कळायचं नाही — फक्त मुलाचं नाव आत्ता नको? नुसतं 'पी.' लिहू, आणि ताबा मिळाल्यावर बघू? आणि तिथं राहायला आल्यावर... घरात त्याला दुसऱ्या कशानं हाक मारली तरी...

नाही, मी चिडलो नाही. तुम्ही वाईट माणूस नाही, मला दिसतंय ना, मनापासून मदत करताय. नोकरी जाईल एखाद्या वेळी तुमची यात. म्हणूनच भीती वाटली मला. कारण क्षणभर — क्षणभर मी 'पी' लिहूनसुद्धा टाकला होता मनात. तीन पायऱ्या खाली उभं केलं होतं पोराला.

आणा तो फॉर्म. आणा इकडं. फाडत नाही हो, घाबरू नका. हे बघा. प्र. बु. द्ध. ड्राफ्ट्समनचं अक्षर आहे, लांबून वाचता येतं. आता घेऊन जा आणि दाखवा तुमच्या कमिटीला, नाही म्हणतील, म्हणू देत, पण वाचून म्हणतील. फॅक्स सकाळी जाईल. बदकांशी बोलू आम्ही.

उठा आता. चहा राहू द्या. ब्रोशरही न्या, विसरू नका... पुष्पा? तू कधीपासून उभी आहेस तिथं? अगं, रडू नकोस. बाळाजी, तुम्ही या. लिफ्ट बंद आहे, जिन्यानं उतरा.