तळ्यातला चातुर्मास

मंडळी, ऐका! आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. नेम धरायचा मी आणि तोंड बांधायचं दुसऱ्याचं — याला भक्ती म्हणायचं का? बोला की! बरं, मग गोष्टच सांगतो.

डहाणूकडे खाडीकाठी राहायचा जनार्दन पागधरे. पक्का माळकरी! आणि धंदा? कोळंबीचं तळं! हसू नका! स्वतः खात नव्हता हो, पाळत होता. लाखभर कोळंबी, आणि जीव असा लावलेला की पोटच्या पोरांना कोण लावेल!

श्रावणात शेजारच्या तळ्यात रोग शिरला. कोळंबीच्या अंगावर पांढरे ठिपके उठले आणि तीन दिवसांत तळं साफ! धावला जनार्दन कोळंबीच्या डॉक्टरीणबाईंकडे.

बाई म्हणाल्या, "काका, रोग लागल्यावर औषध नाही. अंगात ताकद आधीच हवी. लसूण वाटा, खाद्याला चोळा, वरून तेलाचा हात फिरवा, सावलीत सुकवा, मग टाका."

"लसूण? चातुर्मासात?"

"अहो, तुम्ही नका खाऊ! कोळंबीला द्या!"

"तळं माझंच ना? माझ्या तळ्यात चालायचं नाही!"

घ्या! म्हणजे कोळंबीलाही चातुर्मास! याने खाद्याला काय चोळलं? तुळस! आणि एकादशीला तर चक्क भगर टाकली!

खाल्लं की नाही ते बघायला तळ्यात जाळीची ताटली सोडतात. जनार्दनाने ती वर ओढली — भगर जशीच्या तशी! कोळंबी काठाशी मलूल पडलेली. त्याचे डोळे भरून आले. "पांडुरंगा, माझं काय चुकलं रे?"

पांडुरंग बोलला नाही. बायको बोलली! यमुनाबाई पदर खोचून उभी — "अहो, माळ तुमच्या गळ्यात! कोळंबीला गळा तरी आहे का? तळं दोघांचं. पलीकडचा काठ माझा, तिथे मी लसूण घालणार!"

"घाल! माझ्या काठाला तुळसच!"

आता पाण्यात काय भिंत असते, मंडळी? इकडे हा तुळशीचं खाद्य टाकतोय, तिकडे ती लसणाचं. घटकाभराने याने ताटली ओढली — एक कोळंबी नाही! तिने ओढली — ताटलीत मावेना, टणाटण उड्या! अख्खं तळं माहेरी आल्यासारखं तिच्या काठाला!

जनार्दनाने रिकामी ताटली खाली ठेवली. मग बांधावरून वळसा घालून बायकोपाशी गेला, उकिडवा बसला आणि हळूच म्हणाला, "अगं... सोलू का थोडा लसूण?"

काही कोळंबी दगावली, खोटं कशाला बोलू? पण तळं वाचलं. कार्तिकीपर्यंत हा लसूण सोलत होता. देवळात आला की माणसं नाकाला उपरणं लावायची! तोंडात मात्र एक पाकळी नाही हो. त्याचा नेम त्याच्यापाशी शाबूत.

हं, आता तुमच्याकडे वळतो. अहो, तिसऱ्या रांगेतले आबा! घरी नातसून ओली बाळंतीण ना? तिच्या ताटातली लसणाची चटणी आज सकाळी कुणी उचलायला लावली? इकडेतिकडे काय बघता? मी तुमच्याकडेच उतरलोय, डोळ्यांनी पाहिलंय! उठा. टाळ ठेवा खाली, घरी जा, पोरीला पोटभर जेवू घाला. तुम्ही परत येईपर्यंत गजर थांबवून ठेवतो मी.