माशाच्या तेलावर वाढलेली कोंबडी

आमच्या नेहाचं ठरलेलं लग्न एका कोंबडीपायी मोडता मोडता राहिलं, माहितीये? माझा भाऊ सुधीर कोंबड्यांच्या खाद्यावर प्रयोग करतो. कोंबडीला माशाचं तेल खाऊ घातलं की तिच्या मांसात हृदयाला चांगलं असलेलं ओमेगा-थ्री उतरतं, असं तो येता-जाता सांगत असतो. नेहाचे होणारे सासरे येरवड्याहून पहिल्यांदाच जेवायला येणार होते आणि त्यांची नुकतीच अँजिओप्लास्टी झाली होती. "ताई, माझीच कोंबडी कर," म्हणत सुधीरने सकाळीच ती आणून दिली.

रस्सा उकळला आणि घरभर मासळी बाजाराचा वास सुटला. मी आलं-लसूण वाढवलं, मूठभर कोथिंबीर टाकली, पण वास तसाच. शेवटी सुधीरला फोन केला.

"अगं, कापण्याआधी काही दिवस तेल बंद करायचं असतं. ते राहिलं वाटतं."

"मग आता मी काय करू?"

"लिंबू पिळ."

तेवढ्यात बेल वाजली. ताटं वाढली. सासऱ्यांनी पहिला घास घेतला आणि चावता चावता थांबले. नेहाने माझा हात घट्ट धरला. त्यांनी दुसरा घास घेतला, तिसरा घेतला आणि वाटी पुढे केली.

"रस्सा झकास झालाय हो, विहीणबाई. अजून वाढा."

मी हुश्श केलं. तेवढ्यात त्यांनी तंगडी उचलून चष्म्यासमोर धरली.

"फक्त एक सांगतो, आमच्या येरवड्यात सुरमईला पाय नसतात."