पिस्तुलाची डावी बाजू

ते कापडी तिकडंच ठेवा, मारुतीभाऊ — असला पट्टा मी कुत्र्याच्या गळ्यात पन बांधनार न्हाई. आन् हे प्लॅस्टिकचं? हे काय हो, पिस्तुलाचं कव्हर हाय का जेवनाचा डबा? वाजतंय कसं बघा. म्हनं पावसात खराब होत न्हाई. तुंगार्लीतले बंगलेवाले घेतात असलं, शनिवारी मुंबईवरनं यायचं, कमरंला लावून तळ्यावर चकरा मारायच्या, सोमवारी परत. त्यांना काय, कमरंला पिस्तूल असलं काय आन् मोबाईल असला काय. आमी सोमाटण्याचे. आमाला चामडंच पायजे, जाड, दुहेरी शिवनीचं, वरनं बटनाची पट्टी. मागच्या टायमाला दिलंवतं तसं — तुमीच दिलंवतं, इसरला का? हे घ्या, हेच ते. इकडच्या हवेत बुरशी धरतं म्हनून मी दर पावसाळ्यात त्याला तेल लावून उन्हाला ठेवतो, ऊन असलं तर. आन् त्यानं काय केलं? पिस्तुलाचा काळा रंग पार उडवला.

थांबा, दाखवतो. मागं काय सरकता — रिकामं हाय. कव्हरं इकायला बसलाय आन् आतल्या वस्तूला भिताय, कमाल हाय. राहू दे, माझ्याच हातात बघा. ही डावी बाजू. लोखंड उघडं पडलंय, ह्या टोकापास्नं ह्या टोकापत्तुर. लायसनचं पिस्तूल हाय हे, तालुक्यात कितीजनांकडं हाय सांगा मला. दसऱ्याला हळदकुंकू वाहतो मी ह्याला, घरातल्या विळ्याकोयत्याच्या आधी. आन् त्याची ही दशा. कशामुळं? तर तुमच्या चामड्यामुळं.

काय? तोंडाशी रंग शाबूत हाय, व्हय, हाय. कडा पन शाबूत हायत. मंग? — चामडं घासलं तर आधी तोंडाशी उडतं, कडा पांढऱ्या पडतात, हे मला पन ठावं हाय, मला नका शिकवू. सपाट बाजू कशी घासली म्हनून तुमी मलाच इचारताय? मी गिऱ्हाईक हाय का तुमी?

बरं. फरशीनं. झालं समाधान? शहाबादी फरशी हाय आमच्या माजघरात. मांडी घालून जेवायला बसलं की हे कमरंत टोचतं, बरगडीत घुसतं. तुमी बसलाय का कधी लावून? मंग बोलू नका. आमी टेबलावर जेवनारी मानसं न्हाई. जेवताना काढायचं, ताटाशेजारी ठेवायचं, घास घ्यायचा. नुसतं ठेवायचं. दर येळंला तीच बाजू खाली येती, हाताला तसंच वळन पडलंय — त्यात काय गुन्हा हाय?

रोज? रोज कशाला. रोज घरात मी लुंगीवर असतो, लुंगीला कुटं लावनार पिस्तूल. पावनं जेवायला असलं की लावतो. म्हंजे — मानसात बसायचं तर जरा बरं दिसतं. हसताय काय?

चहा घ्या तुमचा, निवतोय. मला नको, मी असल्या टपरीचा पीत न्हाई.

आता कामाचं ऐका. उद्या पोलिसातल्या सायेबांनी मला बोलावलंय, पिस्तूल घेऊन. बघनार हायत. लायसन ठेवायचं का काढून घ्यायचं ते ठरनार. कुनी लावलं हे सगळं? सख्ख्या भनीनं. सरूबाईनं. हितंच दिली लोनावळ्यात, नवरा गोडाऊनात फोर्कलिफ्ट चालवतो, तो तिला कायदा शिकवतो — फोर्कलिफ्टवाला कायदा शिकवतो, बघा आता. लगीन झालं तवा म्हनत व्हती, दादा, मला काय नको, जत्रंला तेवढी बोलवत जा. बोलवली की. दर जत्रंला बोलवली, साडीचोळी केली. आन् शेताला रस्ता लागला, भाव आला, तशी हिला बापाची आठवन आली. म्हनं माझा वाटा. काय केलं हिनं त्या शेतात? लहानपनी पाखरं राखली असतील तेवढीच. न्हाई, लावनी पन करायची ती, व्हय, माझ्यापरीस चांगली करायची, आबाच म्हनायचे. पन म्हनून काय वाटा मागायचा?

थोरली चिमाबाई बघा. लाखात एक. एका जेवनात हक्कसोडाला तयार. मी ताटाशेजारी ठेवलं, तिनं त्याच्याकडं बघितलं, मंग माझ्याकडं बघितलं, म्हनाली कवा यायचं सही करायला. झालं. कुटं कुरकुर न्हाई. तवापास्नं जत्रंला येत न्हाई ती, गुडघं दुखतात तिचं.

सरूला पन तसंच बोलावलं. पुरनाची पोळी, गुळवनी, वर तुपाची धार. माझ्या डाव्या अंगाला बसवली. म्हनलं, सरू, सोमवारी तळेगावला चल, सही करून टाक. तर म्हनती, दादा, माझा वाटा मला असू दे. एवढंच. मी काय केलं? शिवी दिली? हात उगारला? एक शब्द बोललो न्हाई मी. टोचत व्हतं, काढलं, ठेवलं. दोघांच्या ताटांच्या मधी. नुसतं ठेवलं. आता ती म्हनती, तोंड माझ्याकडं व्हतं. अहो, तोंड कुटंतरी असनारच की.

भरलेलं व्हतं का म्हंजे काय. पावन्यापुढं रिकामं ठेवतात व्हय.

आन् ती उठली. पोळी अर्धी, हात न धुता, ताट तसंच टाकून. मला वाटलं, मोरीकडं चालली. उंबरा वलांडला, अंगन वलांडलं, चपला दारातच, आन् तशीच अनवानी डांबरी रस्त्यानं गेली. पोलिसात. आन् तितं काय सांगितलं माहिती हाय? म्हनाली, माझा भाऊ ते दर येळंला फरशीवर ठेवतो, तुमी डावी बाजू बघा. डावी बाजू. जेवायला आलीवती का पिस्तूल बघायला? लहानपनापास्नं तशीच, बघत बसायची, बोलायची न्हाई.

म्हनून तुमच्याकडं आलो. समोरच चौकी हाय, हवालदार तुमाला ओळखतात, पट्टे तुमच्याकडनंच घेतात. कव्हर कुटलं म्हनून सायेब त्यांनाच इचारायला धाडतील. तुमी म्हनायचं, माझ्या चामड्यानं घासलं, कव्हर तंग झालंवतं. बास. त्यात तुमचं काय जातंय? नवीन कव्हर घेतोय की मी, सगळ्यात भारीतलं. आन् लायसन गेलं तर काय व्हईल, कळतंय का तुमाला? ती सही करनार न्हाई. कशाला करंल? मंग चिमाबाई पन उलटंल. गावात मानसं माझ्या कमरंकडं बघतात आधी आन् मंग तोंडाकडं, म्हाईत हाय मला. हे नसलं तर तोंडाकडं कोन बघनार हाय.

मान काय हलवता? न्हाई म्हंजे? खोटं बोलनार न्हाई — आरं वा. पट्टे शिवनारा मला खरं-खोटं शिकवतोय. कोन हायेस रं तू? कातड्याच्या वासात जन्म गेला, आन् ह्या अंबाजीला न्हाई म्हनतो? माझ्या दारात शंभर मानूस उठतं-बसतं, त्यातल्या एकानं आजवर न्हाई म्हनलेलं न्हाई. एक सरू सोडली तर. उद्या हे दुकान हितं राहतं का बघू. बोल की. बोल, कव्हरनं घासलं म्हनून. नुसतं म्हनून दाखव एकदा, हितं, माझ्यासमोर.

काय बघतोस? ठेवलंय. हात अवघडला म्हनून तुझ्या काउंटरच्या काचंवर ठेवलंय. रिकामं हाय, सांगितलं न्हाई का मघाशी? भरलेलं वेगळं, रिकामं वेगळं. नुसतं ठेवलंय. तोंड — तोंड तुझ्याकडं हाय तर काय झालं, फिरवतो, हे बघ, फिरवलं.

चहा घे. अर्धा तसाच ठेवला. घे म्हनतो ना. उठतोस कशाला, मी काय बोललो का तुला?

मारुतीभाऊ. अहो, बसा. गल्ला उघडा हाय तुमचा, कव्हरं सगळी बाहेर पडलीत. कुटं चालला? — तिकडं कशाला, रस्ता वलांडून? अहो, ऐका, मी उचललं, हे बघा, उचललं मी —

चपला तरी घाला.