अठरा म्हणजे अठरा

नाही, पण मोठीच का घ्यायची, हे मला एकानं तरी नीट समजावून सांगावं ना... जो येतो तो म्हणतो, इसहाक, चोवीस फुटी घे, चोवीस फुटी घे. अरे, होडी मला मिळणार, फॉर्मवर सही माझी होणार, थंडीत सकाळी पाण्यात पाय मी घालणार, आणि लांबी कोण ठरवणार, तर टपरीवर बसलेला गोवाल, ज्याला पोहतासुद्धा येत नाही! तुम्हाला सांगतो, अख्ख्या गावात अठरा फुटीच्या बाजूनं एकच माणूस उभा होता, आणि तो मी. पण उभा म्हणजे कसा, खांबासारखा. मी म्हटलं, अठरा म्हणजे अठरा.

आता तुम्ही म्हणाल, नंदुरबार जिल्ह्यात होडी कसली? सगळे असंच म्हणतात. बाहेरच्याला वाटतं इथं डोंगर, मिरची आणि ऊन, संपला जिल्हा. अहो, आमच्या नवापूरच्या कडेला उकाई धरणाचं पाणी पसरलंय ते काय कोणी बादलीनं ओतलंय? माझ्या आजोबांचं शेत त्या पाण्याखाली आहे. ते तिथं भात कापायचे, मी तिथंच कटला मासा पकडतो, म्हणजे शेत आमचंच, पीक तेवढं बदललं. बरं, पकडतो कशात? मेहुण्याच्या होडीत. दानियल, आमच्या रेवाबाईचा भाऊ. बावीस वर्षं मी त्याच्या लाकडी होडीत वल्हं मारतोय, आणि तो पुढं बसून हुकूम सोडतो, "दाजी, डावीकडं... दाजी, हळू... दाजी, बोलू नका, मासे पळतात." बोलू नका! मला! बावीस वर्षं माणसानं गप्प बसून वल्हं मारायचं म्हणजे काय, तुम्हीच विचार करा.

म्हणून माझी इच्छा एकच होती, खरं सांगतो, लाजत नाही. स्वतःची होडी, मागं इंजिन, आत दोन माणसं, मी आणि रेवाबाई. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, आम्ही दोघं निवांत बोललोय कधी? घरात म्हातारी आहे, पोरं आहेत, टीव्ही आहे, आल्या-गेल्याचा चहा आहे. पाण्यावर कोण येतंय? ती जाळं टाकेल, मी बोलेन. आणि मच्छीमार सोसायटीच्या योजनेत आमचं नाव निघालं, फायबरची होडी आणि इंजिन, आणि फॉर्मवर दोन चौकोन, अठरा फूट, चोवीस फूट, एकात खूण करा. झालं... तिथून माझ्या जिवाला घोर लागला.

पहिला आला चुनीलालभाऊ, नंदुरबारचा, आमचे मासे घेतो. म्हणाला, "मन्हं आयक इसहाकभाऊ, मोठी ले! सरकार दी ऱ्हायनं तं लहान काब्रं लेस?" म्हणजे सरकार देतंय म्हणून? उद्या सरकारनं मला बारा नंबरचे बूट दिले तर काय मी पाय वाढवू? मग पास्टर स्टीफन. त्यांना रविवारी पलीकडच्या गावात गायकांचा गट न्यायचा होता. माझा हात हातात घेतला, आवाज खाली आणला... "इसहाक, नोहानं तारू लहान बांधलं असतं तर काय झालं असतं?" मी म्हटलं पास्टर, नोहाला देवानं माप स्वतः सांगितलं होतं, तीनशे हात. मला देव काही बोलला नाही, मला चौकोन दिलेत. आणि तारवात सगळी जनावरं कोंबली म्हणूनच नोहाला बायकोशी बोलायला मिळालं नाही, बायबलमध्ये कुठं लिहिलंय का ते दोघं काय बोलले? अठरा म्हणजे अठरा.

अहो, चोवीस फुटी घेतली की ती माझी राहते का? ती गावाची होते. कोणाचं वऱ्हाड, कोणाच्या शेळ्या, कोणाचं गव्हाचं पिंप, आमच्या गल्लीतला नवल तर तेव्हाच विचारून गेला की मोटारसायकल उभी राहील की आडवी घालावी लागेल. होडी आली नव्हती अजून!

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जी त्या शहाण्यांपैकी एकालाही सुचली नाही. उन्हाळ्यात पाणी उतरतं. आज काठ इथं आहे, मे महिन्यात तो पार तिकडं, मधे नुसता चिखल. होडी पाण्यामागं न्यावी लागते. अठरा फुटी चार माणसं ढकलत नेतील. चोवीस फुटीला पंधरा माणसं लागतात, म्हणजे लाह बोलवा. आमच्याकडं लाह असते, मोठं काम निघालं की गावाला हाक मारायची, लोक येतात, मजुरीचा रुपया घेत नाहीत, पण जेवण पोटभर घालायचं, आणि जेवण म्हणजे कोंबडी नाहीतर मासे, डाळीवर कोणी चिखलात उतरत नाही. आता बघा हां, पाणी दर आठ-दहा दिवसांनी सरकणार, दर आठ-दहा दिवसांनी लाह, पंधरा माणसं ओढणार, येताना घरची पोरं घेऊन येणार... म्हणजे मासे कशाला पकडायचे, तर होडी ओढणाऱ्यांना खाऊ घालायला, आणि होडी कशाला ओढायची, तर मासे पकडायला! हे मी चुनीलालभाऊला बोटावर मोजून दाखवलं. तो म्हणाला, "तरी मोठी ती मोठीच."

राहिली रेवाबाई. ती फार बोलत नाही. मी विचारलं, तुला काय वाटतं? म्हणाली, "मोठी घ्या." मी तिला चिखल सांगितला, लाह सांगितली, नोहा सांगितला, दीड तास सांगत होतो. ती भाकऱ्या थापत होती. शेवटची भाकरी तव्यावरून काढली आणि म्हणाली, "मोठी घ्या."

मग म्हटलं चल, डोळ्यांनी बघू. गेलो सुरतेला, होड्यांच्या वखारीत. तिथला माणूस आम्हाला बघून खुश, "काका, आ तो दरियानी बोट छे! किनारेथी पचास किलोमीटर बहार जाय!" मी म्हटलं, आमच्या पाण्यात पन्नास किलोमीटर गेलो तर धरणाची भिंत फोडून परत तुमच्याच दारात येईन. खोल समुद्रातली होडी आणि आम्ही वांगी घ्यायला आल्यासारखे बोटानं दाबून बघतोय... तर त्यानं दोन्ही होड्या लाकडी ठोकळ्यांवर ठेवल्या होत्या, म्हणाला बसून बघा. आधी चोवीस फुटीत बसलो. मी मागं इंजिनापाशी, रेवाबाई पार पुढच्या टोकाला. मी बोलतोय, ती मान हलवतेय. मी म्हटलं, ऐकू येतंय का गं? तिनं मान हलवली. मी म्हटलं, काय म्हणालो सांग? तिनं मान हलवली, आणि हसली. इतकी छान हसली ना, लग्नानंतर पहिल्यांदा बघितली तशी. मी तिथंच ठरवलं, हे काही खरं नाही, बायको इतक्या लांब बसून कसं चालेल? अठरा फुटीत बसलो तर गुडघ्याला गुडघा. जाळं, बर्फाची पेटी, पेट्रोलचा डबा, आणि दोन माणसं. तिसरा चढला तर पेटी उतरवावी लागेल. मी तिथंच पेन काढलं. रेवाबाई होडीतून उतरून बाहेर जाऊन उभी राहिली.

होडी आली. काय देखणी, निळी! गाव बघायला जमलं, दानियल नुसता हात फिरवत होता. मेकॅनिक आला इंजिन शिकवायला, दोरी ओढली की सुरू होतं. आता मी त्याला आधी आजोबांच्या शेताचं सांगत होतो, म्हणून माझं थोडं लक्ष नव्हतं, सात वेळा ओढली, नुसतं फुर्र फुर्र. रेवाबाईनं एकदा ओढली, सुरू. तेव्हापासून इंजिन तिच्याकडं.

आणि गेलो हो आम्ही! दोघं! पहिला दिवस मी इतका बोललो, इतका बोललो, बावीस वर्षांचं सगळं साचलेलं. मासे आले तीन. दुसऱ्या दिवशी घसा बसला होता तरी बोललो. एक मासा, तोही लहान, सोडून दिला. तिसऱ्या दिवशी पाण्यातल्या मधल्या टेकडीपर्यंत पोचलो नसू, तर रेवाबाईनं होडी वळवली, काठाला लावली, इंजिन बंद केलं. मला वाटलं डबा विसरली. म्हणाली, "उतरा."

मी म्हटलं, का?

"मासे पळतात."

भाऊ आणि बहीण, एकाच घरचं पाणी! मी उतरलो, म्हटलं येईल राग शांत झाला की. तर दुसऱ्या दिवशी तिनं भिकुबाईला बसवलं. शेजारची भिकुबाई, दिवसात दोन शब्द बोलते, त्यातला एक "हं". दुपारी पेटी भरून कटला. परवा झिंगेसुद्धा. चुनीलालभाऊ आता तिलाच फोन करतो.

मी विचारलं तिला, अगदी सरळ विचारलं, मग तू मोठी घ्या, मोठी घ्या का म्हणत होतीस? जाळं सोडवत बसली होती, मान वर केली नाही. म्हणाली, "मोठी असती तर तुम्हाला त्या टोकाला बसवलं असतं. तुम्ही बोलला असता, मी मान हलवली असती. दोघांचंही भागलं असतं."

ऐकलंत ना? पण हार मानणारा मी नाही, टपरीवर गोवाल हसतो त्यालाही हेच सांगितलं. म्हटलं, माप अगदी बरोबर निवडलंय मी. दोन माणसांची होडी आहे, रोज दोनच माणसं जातात.