धुवायचा राहिलेला रोल

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या ज्येष्ठ नागरिक संघाला शिस्त लावणारे गोपाळकृष्ण मराठे, वेळात वेळ काढून आलेल्या प्रमुख पाहुण्या प्राचार्य ललिता देवधर, आजची सत्कारमूर्ती मैत्री रणपिसे, पहिल्या रांगेत बसलेल्या तिच्या मातोश्री शालनताई, संघाचे सर्व सभासद बंधू-भगिनी, आणि मागच्या दारापाशी उभं राहून वड्यांच्या वासाकडे लक्ष ठेवून असलेले मान्यवर, आपणां सर्वांना दिगंबर घैसासचा नमस्कार.

अध्यक्षांनी मला बजावलं आहे की थोडक्यात आटपा. ते स्वतः प्रास्ताविकात संघाच्या स्थापनेपासून सुरू झाले होते, हे आपण सर्वांनी ऐकलंच. तरी मी प्रयत्न करतो.

मैत्री हैदराबादला चालली आहे. खराडीतल्या तिच्या कंपनीने तिला तिथल्या कचेरीची मोठी जबाबदारी दिली आहे. आनंदाची गोष्ट आहे. आनंदाच्या गोष्टी आपल्याकडे नेहमी दुसऱ्या गावी का होतात, हा प्रश्न मी आज विचारणार नाही. या सभागृहातल्या बहुतेकांनी तो विमानतळावर उभं राहून एकदा तरी मनात विचारलेला आहे.

आठवून बघा. कात्रजच्या बाजूला या सोसायट्या झाल्या तेव्हा संध्याकाळी खाली मुलांचा एवढा गोंगाट असायचा की मराठेसाहेब गॅलरीतून ओरडायचे. मग ती मुलं इंजिनियर झाली. मग कॉम्प्युटरचं वारं आलं आणि एकेक करून सगळी उडाली. खाली शांतता झाली. तेव्हा मराठेसाहेबांना कुणावर ओरडावं कळेना, म्हणून त्यांनी हा संघ काढला. हसताय काय, खरं सांगतोय!

मुलं गेली आणि त्यांच्या जागी लॅपटॉप आले. माझ्याकडेही आला. आमच्या लेकीने, पूर्वाने, न्यू जर्सीहून पाठवला. मी बुधवार पेठेत जाऊन त्याला वेबकॅम आणला. दुकानदाराला म्हटलं, ‘अहो, हा नीट चालतो ना?’ तो म्हणाला, ‘चालायला त्याला पाय नाहीत, बसवा आणि बघा.’ पुण्यातला दुकानदार, त्याच्याकडून आणखी काय अपेक्षा ठेवणार? घरी आणून तो वेबकॅम टीव्हीवर ठेवला आणि त्यावर क्रोशाचा रुमाल घातला. पुढे काय करायचं ते आम्हा नवरा-बायकोला दोघांनाही माहीत नव्हतं.

आणि मग ही मुलगी आली. शालनताई आपल्या सभासद, त्यांनी एकदा सहज म्हटलं, आमची मैत्री येईल की शिकवायला. आठवडाभर खराडीला दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या आणि रविवारी संध्याकाळी इथे येऊन आमच्या चुका शोधायच्या, याला सुट्टी म्हणतात का? पण ती यायची. याच सभागृहात, त्या खिडकीशी, टेबल टेनिसच्या टेबलावर आमचे डबे, म्हणजे लॅपटॉप, मांडलेले असायचे. तो माऊस नावाचा उंदीर हातात बसावा म्हणून ती आम्हाला पेंटमध्ये चित्रं काढायला लावायची. सत्तरीतली माणसं शाळेतल्यासारखी डोंगर, त्यामागून सूर्य आणि पुढे झोपडी काढत बसायची. मराठेसाहेबांचा सूर्य नेहमी चौकोनी यायचा. काय दिवस होते हो ते! आज प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, त्यात सगळं आहे, पण शेजारच्याचा सूर्य बघून हसायला कुणी एकत्र बसत नाही.

आता मुद्द्यावर येतो. अध्यक्ष घड्याळ बघत आहेत, मला दिसतंय.

दोन हजार सातची गोष्ट. पूर्वाला दिवस गेले होते. आमची श्यामला, म्हणजे माझी पत्नी, इथल्या जुन्या सभासदांना ती माहीत आहे, ती बाळंतपणासाठी अमेरिकेला गेली. मी गेलो नाही. बाळंतपणात पुरुषाचं काय काम, असं मीच म्हणालो होतो. ती सहा महिने राहून येणार होती. दर रविवारी वर्ग संपला की मी घरी जायचो आणि स्काइपवर आमची भेट व्हायची. तिथे तेव्हा सकाळ असायची. मांडीवर आमची नात कादंबरी, केस मोकळे, अंगावर पूर्वाचा स्वेटर. बत्तीस वर्षांच्या संसारात मी तिला अशी कधी बघितली नव्हती. तुम्ही आमचे जुने फोटो बघा. कुठल्याही फोटोत ती पासपोर्टसाठी बसल्यासारखी बसलेली. कॅमेरा समोर आला की तिचा चेहरा बंद व्हायचा.

म्हणून मला वाटलं, हिचे हे असे फोटो आपल्याकडे हवेत. मी मैत्रीला विचारलं. ती म्हणाली, ‘सोपं आहे काका, याला स्क्रीनशॉट म्हणतात. हे एफएनचं बटन धरून ठेवायचं आणि वरचं प्रिंट स्क्रीन दाबायचं. पडद्यावर जे दिसतंय त्याचा फोटो निघाला. आता पुढे...’ मी घड्याळ बघितलं. श्यामला वाट बघत असेल. मी ‘कळलं कळलं’ म्हणून उठलो.

वर्गात ‘कळलं कळलं’ म्हणून उठणारे इथे आणखी बरेच आहेत, मी नावं घेत नाही.

तेव्हापासून दर रविवारी मी फोटो काढायला लागलो. श्यामलाला सांगायचो, ‘थांब, हलू नकोस, फोटो घेतोय.’ मग खाली वाकून ती दोन बटनं शोधायची, एकत्र दाबायची आणि वर बघायचं. वर बघितलं की ती अगदी गंभीर चेहऱ्याने विचारायची, ‘झाला?’ मी म्हणायचो, ‘झाला.’

ते फोटो कुठे जातात, हे मी कधी बघितलं नाही. का बघितलं नाही, विचारा. अहो, आपण रोलच्या जमान्यातली माणसं! माझ्या कॅमेऱ्यात रोल असायचा. काढलेला फोटो त्या वेळी कोण बघायचं? दिवाळी, मुंज, महाबळेश्वर, सगळं त्या एकाच रोलवर. रोल संपला की मगच धुवायला द्यायचा. मला वाटलं, कॉम्प्युटरच्या पोटात रोल भरतोय. श्यामला आली की मैत्रीकडून एकदम धुवून घेऊ आणि दोघांनी मिळून बघू.

ती आली नाही. परतीला पंधरवडा राहिला असताना, तिथेच, झोपेत गेली. हृदय. आदल्याच दिवशी आम्ही बोललो होतो.

मला दोन घोट पाणी द्या कुणीतरी. आभारी आहे.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगत नाही. एका गुरुवारी सकाळी पूर्वाचा फोन आला. रडत होती. म्हणाली, ‘बाबा, आई इतके महिने इथे होती आणि आमच्याकडे तिचा एकही फोटो नाही. कॅमेरा काढला की ती बाळाला माझ्याकडे द्यायची आणि बाजूला व्हायची. कादंबरीला मी काय दाखवू?’

मी म्हटलं, ‘वेडी का तू? माझ्याकडे वीसेक तरी आहेत.’ त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा मला थोडं बरं वाटलं. मी लॅपटॉप उघडला. शेवटच्या रविवारनंतर तो उघडलेलाच नव्हता, चार्जरला लावलेला तसाच पडून होता. आणि मैत्रीला फोन लावला. म्हटलं, ‘मैत्री, रोल धुवायचा आहे.’

ती मीटिंगमध्ये होती. ‘काका, कसला रोल?’ मी सांगितलं. ती म्हणाली, ‘एक मिनिट, मी बाहेर येते.’ बाहेर आल्यावर तिने विचारलं, ‘काका, ते बटन दाबल्यावर पुढे काय करत होतात?’

‘पुढे काय करायचं? बोलत होतो श्यामलाशी.’

‘पेस्ट नाही केलं? सेव्ह नाही केलं?’

मी म्हटलं, ‘ते काय असतं?’

तिने न लपवता सांगितलं, त्याबद्दल मी आजही तिचा ऋणी आहे. म्हणाली, ‘काका, ते बटन दाबलं की फोटो नुसता कॉम्प्युटरच्या हातात येतो. त्याच्या हातात एका वेळी एकच गोष्ट मावते. दुसरा फोटो काढला की पहिला सुटतो. आणि मशीन बंद केलं की हातातला पण जातो.’

मी विचारलं, ‘म्हणजे सगळे गेले?’

ती म्हणाली, ‘बाकीचे गेले, काका. शेवटचा... तुम्ही मशीन शटडाऊन केलंत का?’

आता, शटडाऊन या विषयावर या मुलीने माझं किती डोकं खाल्लं होतं, हे वर्गातले सगळे सांगतील. ‘काका, लॅपटॉप बंद करायचा असतो, नुसता मिटायचा नसतो.’ मी कधी ऐकलं नाही. पानाचा डबा मिटतात तसा मिटायचो आणि उठायचो. मी म्हटलं, ‘नाही, नुसता मिटला होता.’

‘काका!’ ती एवढ्या जोरात ओरडली की तिच्या कंपनीत काय वाटलं असेल कोण जाणे. ‘नंतर काही कॉपी केलंत? काही दाबलंत? नाही ना? मग तो असेल. कशाला हात लावू नका, मी येते.’

मी म्हटलं, ‘ये, पण इथे खाली लाल रंगाची बॅटरी दिसते आहे.’

गुरुवार होता. पुण्यातला गुरुवार म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. दुरुस्तीसाठी सकाळपासून वीज बंद होती. बॅटरी जुनी. खराडीहून कात्रजला ती विमानाने आली असती तरी वेळेत पोहोचली नसती. मी म्हटलं, ‘मैत्री, काय करू गं?’

हिचा आवाज एकदम शांत झाला. ‘काका, आपला पेंट उघडा. डोंगर काढतो तो. उघडला? आता कंट्रोलचं बटन धरा. त्याच्या जोडीला व्ही दाबायचं. सी नाही काका, सी कॉपीचं आहे. सीच्या उजवीकडे बघा, व्ही. आधी बोट ठेवा, मला सांगा, मग दाबा.’

मी पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होतो. केसाएवढ्या रेषा मारल्या आहेत या हाताने, धरणाचे नकाशे काढलेत. पण त्या दिवशी सी कुठला आणि व्ही कुठला ते मी तीनदा मोजून बघितलं. मग बोट ठेवलं. म्हटलं, ‘ठेवलं.’ ती म्हणाली, ‘दाबा.’

दाबलं. पडदा भरला. काय आहे ते बघायला मी वाकलो तर ही ओरडली, ‘बघू नका काका, आधी सेव्ह! कंट्रोल आणि एस!’ ते दाबलं तर तो नाव विचारायला लागला. मी म्हटलं, ‘नाव काय देऊ?’ ती म्हणाली, ‘नाव राहू द्या, एंटर मारा.’ एंटर मारला. आणि त्याच क्षणी पडदा काळा झाला.

फोटो राहिला की गेला, ते दिवसभर आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. पूर्वाचा पुन्हा फोन आला, तो मी उचलला नाही.

संध्याकाळी वीज आली आणि तिच्या पाठोपाठ मैत्री आली. हेल्मेटसुद्धा काढलं नव्हतं. लॅपटॉप चालू केला. फोटो होता.

आता त्या फोटोत काय आहे ते सांगतो आणि थांबतो. कोपऱ्यात एक लहान चौकोन आहे, स्काइपवर आपण स्वतः दिसतो तो. त्यात माझं टक्कल आहे. नुसतं टक्कल. कारण मी खाली वाकून बटनं शोधतोय. आणि बाकीच्या सगळ्या पडद्यावर श्यामला आहे. नात एका हातावर, दुसरा हात तोंडावर, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसते आहे. माझ्या टकलाकडे बघून. मी वर बघितलं तेव्हा ती गंभीर होती हो! ‘झाला?’ म्हणून विचारलं होतं तिने. म्हणजे इतके महिने, दर रविवारी, मी खाली बघितलं की ही हसत होती, आणि मी वर बघायच्या आत चेहरा सरळ करत होती. मी तो फोटो बघत बसलो आणि त्या पंधरा-वीस दिवसांत जे आलं नव्हतं ते रडू मला आलं. मैत्री शेजारी बसून राहिली. नंतर उठून तिने चहा टाकला आणि फोटो पूर्वाला पाठवला. माझी नात तिच्या आजीला त्या फोटोवरून ओळखते. फोटोतली आजी हसते आहे, म्हणून तीही हसते.

मैत्री, तुझे आभार मी कसे मानू? मला ते जमत नाही. शालनताई, अशी लेक तुम्ही आम्हाला इतके रविवार दिलीत, त्याबद्दल संघ तुमचा ऋणी आहे. अध्यक्षांचे आभार, पाहुण्यांचे आभार, शाल-श्रीफळाची व्यवस्था करणाऱ्यांचे आभार, आणि एवढा वेळ वडे गार होऊ देणाऱ्या सर्वांचे आभार.

बोलण्यात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाचा मान राखायचा चुकला असेल, एखादा शब्द जास्त गेला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. भाषण मी व्यवस्थित लिहून आणलेलं आहे, खिशात आहे. पण वाचायचं म्हणजे खाली बघावं लागतं. आणि तू समोर बसलेली असताना, पोरी, मला खाली बघायचं नव्हतं.